आधी अकोला की आधी वर्धा?

मित्रांनो, आजच्या लेखाची सुरुवात एका कोड्याने करू. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा, कारण थोडी बेरीज-वजाबाकी करावी लागणार आहे.

मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग वऱ्हाडातून जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव अशी स्टेशने घेत तो वर्धा नदी ओलांडतो आणि वर्ध्याला पोचतो. अमरावती शहर या मुख्य मार्गावर नाही. तिकडे बडनेऱ्याहून फाटा जातो. या मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनाचे मुंबईपासूनचे अंतर ठरलेले आहे. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून आपण ही अंतरे पाचाच्या पटीत घेऊ :

मलकापूर : ४९५ कि.मी.
शेगाव : ५४५ कि.मी.
अकोला : ५८५ कि.मी.
मूर्तिजापूर : ६२० कि.मी.
बडनेरा : ६६५ कि.मी.
धामणगाव : ७१० कि.मी.
वर्धा : ७६० कि.मी.

आता समजा, या सगळ्या मार्गावर दुरुस्तीची एकच ढकलगाडी आहे आणि तिचे मुकादम तुम्ही आहात. गाडी मूर्तिजापूरला उभी आहे. एवढ्यात फोन खणखणू लागतात. पहिला फोन धामणगावचा, दुसरा शेगावचा, तिसरा बडनेऱ्याचा, चौथा अकोल्याचा, पाचवा वर्ध्याचा आणि सहावा मलकापूरचा. प्रत्येक ठिकाणी काम पाच मिनिटांचेच आहे, पण तेथवर जायला हवे. सांगा, तुम्ही कोणत्या क्रमाने जाल?

पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि आपला क्रम कागदावर लिहून ठेवा.

चार मुकादम, चार उत्तरे

पहिला मुकादम म्हणेल, ‘‘ज्याने आधी फोन केला त्याच्याकडे आधी.’’ रेशनच्या रांगेचा हाच नियम आहे आणि तो न्यायाचाही वाटतो. मूर्तिजापूरहून धामणगाव ९० कि.मी. तेथून उलट शेगाव १६५, पुन्हा बडनेरा १२०, पुन्हा मागे अकोला ८०, तेथून वर्धा १७५ आणि शेवटी मलकापूर २६५. बेरीज करा : ८९५ किलोमीटर! गाडीतल्या मजुरांचा जीव मेटाकुटीस येईल. अकोल्याच्या माणसाने तर गाडी आपल्यासमोरून धडधडत शेगावला जाताना पाहिली, ती पुन्हा परत जातानाही पाहिली, पण ती थांबली नाही. कारण त्याची पाळी आली नव्हती.

दुसरा मुकादम हुशार. तो म्हणेल, ‘‘मी जेथे आहे तेथून सर्वांत जवळचे ठिकाण आधी.’’ मूर्तिजापूरहून अकोला ३५, बडनेरा ४५. म्हणून आधी अकोला. तेथून शेगाव ४०, मग मलकापूर ५०. पश्चिमेची कामे संपली. आता मलकापूरहून बडनेरा १७०, धामणगाव ४५, वर्धा ५०. एकूण ३९० किलोमीटर. निम्म्याहूनही कमी!

तिसरा मुकादम म्हणेल, ‘‘मी उगाच मागेपुढे करत नाही. पूर्वेकडे निघालो की त्या दिशेची सगळी कामे आटोपीन आणि मगच परत फिरेन. परतताना पश्चिमेची कामे घेईन.’’ मूर्तिजापूरहून बडनेरा, धामणगाव, वर्धा : १४० कि.मी. तेथून उलट फिरून अकोला, शेगाव, मलकापूर : २६५ कि.मी. एकूण ४०५.

चौथा मुकादम थोडा विचित्र वाटेल. तो म्हणतो, ‘‘मी पूर्वेकडे जातानाच कामे करीन. वर्ध्याला पोचलो की वाटेत कोठेही न थांबता थेट मलकापूर गाठीन आणि तेथून पुन्हा पूर्वेकडे कामे करीत येईन.’’ त्याचे १४०, २६५ आणि ९० मिळून ४९५ किलोमीटर होतात.

तुमच्या कागदावरचा क्रम यांपैकी कोणाशी जुळला? बहुतेकांचा दुसऱ्याशी किंवा तिसऱ्याशी जुळला असेल. दुसऱ्याशी जुळला असेल तर स्वतःची पाठ थोपटून घ्या, पण घाई करू नका. हा दुसरा मुकादम दिसतो तितका भला नाही. ते कसे, हे पुढे कळेलच.

ढकलगाडी संगणकात कशी शिरली?

तुम्ही म्हणाल, विज्ञानाच्या मासिकात रेल्वेचे हे गणित कशाला? मित्रांनो, हेच गणित संगणकाच्या पोटात दर सेकंदाला अनेकदा सोडवले जाते. तेथील लोहमार्ग म्हणजे चुंबकीय चकती, आणि ढकलगाडी म्हणजे त्या चकतीवरून फिरणारे हेड.

संगणकात माहिती साठवण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे हार्डडिस्क. या डबीत एक किंवा अनेक गुळगुळीत चकत्या एका आसावर गरगर फिरत असतात. चकतीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. त्यावर एकात एक अशी असंख्य वर्तुळे कल्पिलेली असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच नागमोडी खाच बाहेरून आत वळत जाते, तसे येथे नसते. येथे प्रत्येक वर्तुळ स्वतंत्र आणि प्रत्येकाला आपला क्रमांक. एका लांब दांड्याच्या टोकाला असलेले हेड आत-बाहेर सरकून हव्या त्या ट्रॅकवर जाते. ते चकतीला टेकत नाही; तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते.

माहितीचा एक तुकडा वाचायचा तर तीन गोष्टी घडाव्या लागतात. पहिली, हेड योग्य ट्रॅकवर सरकले पाहिजे. दुसरी, चकती फिरत फिरत तो तुकडा हेडखाली आला पाहिजे. तिसरी, तो वाचला गेला पाहिजे. यांना वेळ किती लागतो ते पाहू. घरगुती संगणकातली एखादी चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. तुकडा कधी लगेच येईल, कधी पूर्ण फेरा वाट पाहावी लागेल. सरासरी निम्मा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. हेड सरकायला सरासरी ९ मिलिसेकंद धरा. झाले १३. आणि प्रत्यक्ष वाचन? चार हजार अक्षरांचा तुकडा वाचायला एका मिलिसेकंदाचा सुमारे चाळिसावा भागही पुरेसा असतो. म्हणजे ‘काम’ चिमूटभर आणि ‘जाणे-येणे’ त्याच्या जवळजवळ पाचशेपट!

तेरा मिलिसेकंद म्हणजे आपल्या दृष्टीने काहीच नाही. पण संगणकाच्या दृष्टीने? त्याचा प्रक्रियक एका नॅनोसेकंदात दोन-तीन ठोके घेतो. समजा आपण काळ एवढा ताणला की एक नॅनोसेकंद एका सेकंदाएवढा झाला. त्या हिशेबाने १३ मिलिसेकंदांचे होतात एक कोटी तीस लाख सेकंद, म्हणजे सुमारे १५० दिवस. पाच महिने! मृगात पेरलेल्या पऱ्हाटीची पहिली वेचणी निघावी, तोवर प्रक्रियक हातावर हात धरून बसलेला. आता तुमच्या लक्षात येईल की मागण्यांचा क्रम नीट लावून हेडची वणवण थोडी जरी वाचवली, तरी केवढी बचत होते. हा क्रम लावण्याचे काम संगणकाच्या कार्यप्रणालीतला एक छोटासा कार्यक्रम करतो. तोच आपला मुकादम.

पहिली चकती आणि लिफ्ट

ही अडचण चकतीइतकीच जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली ‘रॅमॅक’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या साठवण-यंत्रात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या. त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. कपाटाएवढ्या त्या यंत्रात सारी मिळून ५० लाख अक्षरे मावत. आपल्या हिशेबाने बोलायचे तर दोनशे पानांची सोळा-सतरा पुस्तके! गंमत अशी की या यंत्रात प्रत्येक चकतीला वेगळे हेड नव्हते. एकच दांडा आधी लिफ्टसारखा वर किंवा खाली जाई, हवी ती चकती गाठे आणि मग आत शिरे. एका जागेहून दुसऱ्या जागी पोचायला त्याला सरासरी सुमारे ६०० मिलिसेकंद लागत. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून अधिक.

लिफ्टचे नाव निघालेच आहे तर आपल्या तिसऱ्या मुकादमाचे इंग्रजी टोपणनावही सांगून टाकतो. त्याच्या रीतीला ‘एलेव्हेटर’, म्हणजे लिफ्टची रीत, असेच म्हणतात. लिफ्ट वर निघाली की वरच्या सर्वांना घेते आणि मगच खाली वळते. तिसऱ्या मजल्यावर कोणी आधी बटण दाबले म्हणून ती सातव्याच्या वाटेवरून परत फिरत नाही. डोनाल्ड नुथ या थोर संगणकशास्त्रज्ञाला लिफ्टच्या या वागण्याचे इतके कुतूहल वाटले की १९६८ साली निघालेल्या आपल्या विख्यात ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात त्याने कॅलटेक या संस्थेच्या गणित विभागाच्या इमारतीतली लिफ्ट उदाहरणासाठी घेतली आणि तिचे वागणे पायरीपायरीने लिहून काढले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने चकतीवरच्या मागण्यांचा क्रम कसा लावावा यावर एक शोधनिबंध वाचला. पहिल्या तीन मुकादमांच्या रीती त्याने गणिताच्या तराजूत घालून पाहिल्या. त्यात दुसऱ्या मुकादमाचे बिंग फुटले.

दुसऱ्या मुकादमाची खोड

पुन्हा आपल्या ढकलगाडीकडे वळू. ‘जवळचे आधी’ हा नियम आहे. गाडी बडनेऱ्याला आहे आणि वर्ध्याचा माणूस वाट पाहतो आहे. वर्धा तेथून ९५ कि.मी. गाडी निघणार, एवढ्यात मूर्तिजापूरचा फोन येतो. मूर्तिजापूर ४५ कि.मी.वर. अर्थात ते जवळचे, म्हणून गाडी तिकडे. तेथले काम होते न होते तोच अकोल्याचा फोन : ३५ कि.मी. गाडी अकोल्याला. तेवढ्यात पुन्हा मूर्तिजापूर, पुन्हा बडनेरा, पुन्हा अकोला... वर्ध्याचा माणूस स्टेशनावर डोळे लावून बसला आहे आणि गाडी अकोला-बडनेऱ्याच्या दरम्यान घिरट्या घालते आहे. त्याची पाळी कधी येईल? मधल्या स्टेशनांचे फोन थांबतील तेव्हा. आणि ते थांबलेच नाहीत तर कधीच नाही!

संगणकशास्त्रात या स्थितीला ‘उपासमार’ म्हणतात. शब्द कठोर आहे, पण नेमका आहे. पंगतीत वाढपी मधल्याच पानांवर पुन्हा पुन्हा वाढत राहिला तर टोकाच्या पानावर बसलेला उपाशीच राहणार. वाढप्याचे चालणे कमी झाले हे खरे, वाढणेही झपाट्याने झाले. पण टोकाच्याला त्याचे काय?

येथे एक फसवी गोष्ट आहे, ती नीट ध्यानात घ्या. समजा चकतीपुढे १०० मागण्या आल्या. त्यांतल्या ९९ मागण्या प्रत्येकी २० मिलिसेकंदांत पुऱ्या झाल्या आणि एकीला ३० सेकंद थांबावे लागले. सरासरी किती? सेकंदाचा एक तृतीयांशही नाही. कागदावर मुकादमाचे काम उत्तम! पण ज्याची ती शंभरावी मागणी होती त्याच्यासमोर पडदा अर्धा मिनिट गोठलेला आहे. सरासरी चांगली असणे वेगळे आणि प्रत्येकाला न्याय मिळणे वेगळे.

आता कल्पना करा. जून उजाडला आहे. पीककर्जासाठी सातबारा हवा म्हणून मेळघाटातल्या धारणीचा एक कास्तकार सेवा केंद्रात आला आहे. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, त्यामुळे तलाठ्याकडे खेटे घालण्याचे कारण उरले नाही. त्याला हवी आहे एक नोंद, एक पान. त्याच वेळी त्याच चकतीकडे कोणीतरी एका तालुक्यातल्या हजारो नोंदींचा गोषवारा मागितला आहे आणि त्या नोंदी एकमेकींना खेटून आहेत. मुकादम ‘जवळचे आधी’ म्हणणारा असेल, तर हेड त्या हजारो नोंदींतच रमेल. कास्तकाराची नोंद चकतीच्या कडेला आहे की मध्यावर, हे त्याला ठाऊक नसते. ते ठरवणे त्याच्या हाती नसते. तरी शिक्षा मात्र त्याला. ‘‘संगणक अडकला, उद्या या,’’ असे त्याला सांगितले जाईल. पण संगणक मुळीच अडकलेला नसतो. तो भराभर काम करीत असतो, फक्त याचे करीत नसतो!

शकुंतलेची शिकवण

तिसऱ्या मुकादमाच्या रीतीत मात्र असे होत नाही. गाडी टोकापर्यंत जाणारच, त्यामुळे टोकाच्या माणसाची पाळी येणारच. वऱ्हाडात या रीतीचा एक जिताजागता नमुना कित्येक वर्षे धावत होता. तो म्हणजे मूर्तिजापूर जंक्शनहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणावा म्हणून ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा अरुंदमापी मार्ग घातला गेला. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढत असे, पुढे डिझेलचे आले. आता ती धावत नाही. पण मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूरला जायचे आणि त्याच रुळांवरून, तीच स्टेशने उलट्या क्रमाने घेत परत यायचे, हा तिचा क्रम आपल्या आजोबांना विचाराल तर ते अजून सांगतील.

या रीतीतही एक बारीकसा अन्याय लपलेला आहे. समजा ही गाडी न थांबता सारख्या येरझारा घालते आहे आणि एका बाजूच्या प्रवासाला चार तास लागतात. दर्यापूर अगदी मध्यावर आहे असे धरू. दर्यापूरहून अचलपूर दोन तास, आणि परत दोन तास. म्हणजे दर्यापूरला गाडी दर चार तासांनी दिसते. पण अचलपूरहून सुटलेली गाडी मूर्तिजापूरला जाऊन परत यायला आठ तास लागतात. वेळेचा विचार न करता स्टेशनावर आलेल्या दर्यापूरकराला सरासरी दोन तास थांबावे लागेल, तर अचलपूरकराला चार तास. टोकावर राहण्याची ही दुप्पट किंमत झाली.

चकतीवरही अगदी असेच होते. शिवाय हेड टोकाला जाऊन वळते तेव्हा त्याच्या लगतच्या मागण्या नुकत्याच पुऱ्या झालेल्या असतात. बिचारे सर्वांत जास्त खोळंबलेले लोक असतात ते दुसऱ्या टोकाला! म्हणूनच चौथ्या मुकादमाला तुम्ही हसू नका. तो टोकाहून थेट दुसऱ्या टोकाला उडी घेतो, म्हणजे सर्वांत जास्त खोळंबलेल्यांकडे आधी पोचतो. त्याच्या राज्यात मध्यावरचा असो की कडेचा, सर्वांना जवळजवळ सारखेच थांबावे लागते. ४०५ ऐवजी ४९५ किलोमीटर, ही ९० किलोमीटरची त्याची वाढीव चाल म्हणजे न्यायासाठी मोजलेली किंमत. चकतीवर ही किंमत थोडी स्वस्तही पडते, कारण हेडला मध्ये कोठेही न थांबता एकदम लांब जायचे असेल तर ते वेग घेते. दहा छोट्या उड्यांपेक्षा एक मोठी उडी तेवढ्याच अंतरात कितीतरी कमी वेळ घेते.

मुदत घातलेली मागणी आणि थांबून वेळ वाचवणारा कंडक्टर

मुकादम पुढे आणखी शहाणे होत गेले. लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या संगणकावर पाहिली असेल. तिच्यासाठी येन्स आक्सबो या डॅनिश प्रोग्रॅमरने २००२ च्या सुमारास एक नवा मुकादम लिहिला. तो मागण्या ट्रॅकच्या क्रमाने तर लावतोच, पण प्रत्येक मागणीवर मुदतीची चिठ्ठीही चिकटवतो. वाचनाच्या मागणीला अर्धा सेकंद, लेखनाच्या मागणीला पाच सेकंद. मुदत टळली की क्रम बाजूला ठेवून त्या मागणीकडे आधी जायचे. म्हणजे वेगाचा नियम रोजचा आणि न्यायाचा नियम राखीव!

वाचनाला कमी मुदत का? टपाल कचेरीत पाहा. पेटीत पत्र टाकणारा माणूस पत्र टाकून घरी जातो. ते पत्र तासाभराने निघाले तरी त्याचे अडत नाही. पण खिडकीवर पैसे काढायला आलेला माणूस हाती पैसे पडेपर्यंत जागचा हलू शकत नाही. चकतीवर लिहायची माहिती संगणक काही काळ स्मृतीत धरून ठेवू शकतो, पण वाचायची माहिती हाती आल्याखेरीज त्याला पुढचे पाऊल टाकता येत नाही.

याहून नवलाची युक्ती अमेरिकेतल्या राईस विद्यापीठातल्या सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी २००१ साली मांडली. ती म्हणजे काहीच न करता थांबण्याची! एसटीचा कंडक्टर शेवटचा उतारू चढल्यावर लगेच घंटी मारत नाही. तो एकदा मागे नजर टाकतो. त्या माणसामागून त्याचे कुटुंब पिशव्या सावरीत येत असेलच, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. घंटी मारली आणि गाडी पुढे गेली तर त्यांच्यासाठी पुन्हा फेरी. चकतीचेही तसेच आहे. एखाद्या कार्यक्रमाने एक तुकडा वाचला की बहुधा क्षणार्धात तो शेजारचाच तुकडा मागतो. हेड लगेच दूर पळाले तर त्याला परत यावे लागते. म्हणून काही मिलिसेकंद तेथेच थांबायचे. घाईने कामे बिघडतात हे आपल्याकडे सांगितले जाते. येथे ते आकड्यांनी सिद्ध झाले.

हेडच नाही तेव्हा?

आता तुमच्यापैकी कोणी विचारील, ‘‘पण आमच्या मोबाईलमध्ये चकती कोठे आहे?’’ बरोबर आहे. मोबाईलमध्ये आणि आजच्या बऱ्याच नव्या संगणकांत फिरती चकती नसते. तेथे अर्धवाहकाच्या चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने माहिती साठवतात. सरकणारे हेड नाही, फिरणारी चकती नाही. ‘जवळ’ आणि ‘दूर’ हा भेदच मिटला. अकोला आणि वर्धा सारख्याच अंतरावर! मग मुकादमाची नोकरी गेली का?

काही ठिकाणी खरोखरच गेली. अशा साठवणीपुढे लिनक्समध्ये अनेकदा ‘मुकादम नको’ असाच पर्याय निवडतात. जुन्या जोडणीच्या पद्धतीत एकच रांग आणि तिच्यात एका वेळी ३२ मागण्या मावत. २०११ साली ठरवण्यात आलेल्या ‘एनव्हीएमई’ या पद्धतीत पासष्ट हजारांवर रांगा लावता येतात आणि प्रत्येक रांगेत पासष्ट हजारांच्या घरात मागण्या! एका तिकीट-खिडकीऐवजी जणू प्रत्येक उतारूला स्वतंत्र खिडकी.

परंतु दोन गोष्टी विसरू नका. एक, प्रचंड माहिती स्वस्तात साठवायची असली की मोठमोठ्या माहितीकेंद्रांत अजूनही फिरत्या चकत्याच वापरतात आणि तेथे आपला जुना मुकादम इमानाने राबतो आहे. दुसरी, अंतर मिटले तरी रांग मिटत नाही. एकाच साठवणीवर शंभर जण काम करीत असतील आणि त्यांतला एक जण हजार मागण्या एकदम टाकीत असेल, तर उरलेल्या नव्याण्णवांना वाटा कसा द्यायचा? कोणी उपाशी राहू नये हे कसे पाहायचे? हे प्रश्न चिपच्या युगातही तसेच उभे आहेत.

करून पाहा

पाच-सहा मित्र जमवा. जमिनीवर खडूने एक लांब रेघ ओढा आणि तिच्यावर ० ते ९९ आकड्यांच्या खुणा करा. एक जण ‘हेड’ होऊन ४० वर उभा राहील. मागण्या या क्रमाने आल्या आहेत : ६५, १०, ४८, ९०, ३५, ७२. पहिल्या तिन्ही मुकादमांच्या रीतीने चालून पाहा आणि अंतर मोजा. तिसऱ्या रीतीत एकदा चढत्या दिशेने आणि एकदा उतरत्या दिशेने सुरुवात करा.

उत्तरे अशी : ‘आधी आला तो आधी’ या रीतीने २५२. ‘जवळचे आधी’ या रीतीने १४०. लिफ्टच्या रीतीने चढत्या दिशेने १३०, उतरत्या दिशेने ११०. पाहिलेत? येथे ‘जवळचे आधी’ म्हणणारा केवळ न्यायातच नव्हे, तर चालण्यातही हरला! दर पावलाला जवळचा फायदा पाहणाऱ्याला शेवटी दूरची मोठी चक्कर पडते.

खेळाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. एका मित्राला ९९ वर उभे करा. बाकीच्यांनी ३० ते ६० च्या दरम्यानच्या नव्या मागण्या सारख्या ओरडत राहायच्या, म्हणजे एक पुरी होते न होते तोच दुसरी आली पाहिजे. हेडने ‘जवळचे आधी’ हा नियम काटेकोर पाळायचा. पाच मिनिटांनी ९९ वरच्या मित्राचा चेहरा पाहा. मग नियम बदलून लिफ्टची रीत घ्या आणि पुन्हा पाहा. नंतर पाळीपाळीने प्रत्येकाने ९९ वर उभे राहावे.

यंत्राला न्याय-अन्याय कळत नाही. त्याला फक्त नियम कळतो, आणि तो नियम माणूस लिहितो. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या असा नियम लिहायला बसेल. त्या वेळी ‘एकूण किती किलोमीटर वाचले’ हे जरूर मोजा. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका : वर्ध्याच्या स्टेशनावर कोणी अजून वाट पाहत तर नाही ना?